ॲडलेड ते उलुरू, गाडीने: वाचकांचे प्रश्न

ऑस्ट्रेलियात मुलांकडे जाणाऱ्या बडोद्याच्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं एकाच प्रवासाबद्दल आहेत. ॲडलेडहून गाडीने निघून मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून उलुरूच्या लाल खडकापर्यंत जायचं आहे. त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मुलगा ॲडलेडला असतो. जून महिन्यात आम्ही दोघे आणि तो असे तिघं उलुरूला जायचं म्हणतो. आम्ही साठीच्या पुढचे आहोत. साधी भाड्याची गाडी चालेल की फोर-व्हीलच हवी? किती दिवस धरावेत?
*दांडिया बाजार, बडोदे*

साधी गाडी चालते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी साधीच घ्यावी असं आमचं मत आहे, कारण फोर-व्हील हाताशी असली की कच्च्या रस्त्याचा मोह आवरत नाही. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे १९८७ पासून सलग डांबरी आहे. एर्लडंडाला त्याच्यापासून फुटून उलुरूकडे जाणारा लासिटर हायवेही डांबरीच.

अंतरं अशी: ॲडलेड ते पोर्ट ऑगस्टा ३१० किलोमीटर, तिथून कूबर पीडी ५४०, कूबर पीडी ते एर्लडंडा ४९०, आणि एर्लडंडा ते उलुरूजवळचं युलारा २४५. बेरीज १६०० च्या आत-बाहेर. मधला ५४० चा टप्पा म्हणजे आपलं बडोदे ते पुणे, पण वाटेत भरूच, सुरत, वापी काही येत नाही. पिंबा आणि ग्लेनडँबो अशी दोन नावं नकाशावर दिसतात, दोन्ही हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या इमारतींची. मुक्काम पोर्ट ऑगस्टा, कूबर पीडी, एर्लडंडा असे करत गेलात तर चौथ्या दिवशी दुपारी युलाराला पोचता. तिथे किमान दोन रात्री ठेवा. उलुरूच्या परिसरात राहायची सोय युलारालाच आहे, त्यामुळे जून-जुलैच्या खोल्या काही महिने आधीच संपतात. आधी युलाराचं आरक्षण पक्कं करा, मग बाकीच्या तारखा मागे-पुढे बसवा. उलट क्रमाने करणारे लोक शेवटी एर्लडंडाहून दिवसात जाऊन-येऊन ४९० किलोमीटर गाडी हाकतात.

जून चांगला महिना आहे. दिवसा २० अंशांच्या आसपास, रात्री शून्याला टेकेल इतकी थंडी. स्वेटर-कानटोपी सामानात खोल न ठेवता वर ठेवा. जानेवारीत याच पट्ट्यात सरासरी कमाल तापमान ३६ च्या घरात असतं, त्या महिन्यात जाऊ नका. मात्र जूनमध्ये दिवस लहान असतो. सूर्य सव्वापाच ते सहाच्या दरम्यान मावळतो. आठला निघायचं आणि साडेचारला मुक्कामी पोचायचं, हे गणित सगळ्या प्रवासभर पाळा. कारण पुढे कांगारूंच्या प्रश्नात येईल.

कूबर पीडीला जमिनीखालच्या खोलीत एक रात्र राहाच. १९१५ मध्ये तिथे ओपल हे रत्न सापडलं आणि उन्हाला वैतागून लोकांनी टेकड्या कोरून घरं केली. आत बारा महिने २३ ते २५ अंश असतात. गावाबाहेर ओपलसाठी खणलेले असंख्य उभे खड्डे उघडेच पडलेले आहेत, त्यांना कठडा नाही. फोटो काढताना मागे-मागे सरकायची सवय असेल तर ती तेवढ्यापुरती सोडा. पोर्ट ऑगस्टाच्या पुढे बराच वेळ रस्ता वूमेरा या लष्करी प्रतिबंधित क्षेत्रातून जातो. हायवेवर आणि त्यावरच्या थांब्यांवर कोणी अडवत नाही, पण कडेच्या कच्च्या वाटेने आत शिरायला परवानगी लागते.

युलाराच्या शंभर-एक किलोमीटर अलीकडे डावीकडे सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसेल. तो उलुरू नव्हे, माउंट कॉनर. निम्मे प्रवासी तिथेच सगळे फोटो उरकतात.

बडोद्याचं लायसन्स तिकडे चालतं का? गाडी भाड्याने घेताना काय बघावं?
*कारेलीबाग, बडोदे*

पाहुणा म्हणून गेलेल्याला ॲडलेडचं दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि उलुरूचं नॉर्दर्न टेरिटरी या दोन्ही प्रांतांत इंग्रजीत छापलेल्या परदेशी लायसन्सवर गाडी चालवता येते. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, भाड्याच्या काउंटरवर तो मागितला जाऊ शकतो. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि पासपोर्ट, व्हिसा, मूळ लायसन्स घेऊन दरजीपुऱ्याच्या आरटीओत जायचं. नुसता आंतरराष्ट्रीय परवाना उपयोगाचा नाही, मूळ लायसन्स बरोबर असावंच लागतं. रस्त्याची बाजू आपलीच, डावी.

करारातली बारीक अक्षरं वाचा. तीन गोष्टी हमखास सापडतात. साधी गाडी कच्च्या रस्त्यावर नेली तर विमा रद्द. गावाबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवली आणि जनावराला धडकली तर खर्च तुमचा. काच आणि टायर मूळ विम्यात नाहीत. यातलं तिसरं कलम पैसे भरून सुधारून घ्या, कारण समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालचा खडा काचेवर बसणं ही या रस्त्यावरची नेहमीची गोष्ट आहे.

डिक्की उघडून स्टेपनी बघा. बऱ्याच सेडानमध्ये बारीक, तात्पुरती स्टेपनी असते, तिच्यावर ताशी ८० च्या वर जाता येत नाही. पुढचं टायरचं दुकान दोन-तीनशे किलोमीटरवर असताना तिचा फार आधार नाही. पूर्ण मापाचं चाक असलेली गाडी मागा. जॅक आणि पाना जागेवर आहेत का आणि पाना नटांना बसतो का, हे तिथल्या तिथे करून बघा.

पेट्रोल आणि पाणी किती बरोबर ठेवावं?
*रावपुरा, बडोदे*

पेट्रोलचा नियम सोपा आहे: टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरायची, भाव बघायचा नाही. भाव शहरापेक्षा बराच जास्त असतो. छोट्या गाडीची टाकी ५० लिटरची आणि खप शंभर किलोमीटरला ७ लिटर धरला तर कागदावर ७०० किलोमीटर निघतात. पण समोरून वारा, टपावर सामान आणि सलग ११० चा वेग असला की तेच ५५० वर येतात. ग्लेनडँबो ते कूबर पीडी या २५४ किलोमीटरमध्ये पंप नाही. शिवाय असे छोटे पंप कधी डागडुजीसाठी, कधी मालक बदलला म्हणून बंदही असतात. पिंबा ते कूबर पीडी हे ३७० किलोमीटर एका टाकीत जातील असाच हिशेब ठेवा. रोडहाऊस, म्हणजे पंप, खाणावळ आणि चार खोल्या एकत्र असलेला थांबा, रात्री बंद होतो. नेटवर्क गेलं की कार्डाचं यंत्रही बसतं, म्हणून दोन टाक्यांपुरती रोकड जवळ असू द्या.

नॉर्दर्न टेरिटरीत काही पंपांवर साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलऐवजी 'ओपल' नावाचं पेट्रोल दिसेल. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन मोडण्यासाठी २००५ पासून हे कमी वासाचं पेट्रोल आणलं गेलं. ९१ वर चालणाऱ्या गाडीत ते बिनधास्त भरा. डब्यात जादा पेट्रोल घेऊन ते डिक्कीत ठेवू नका. डांबरी रस्त्यावर त्याची गरज नाही, आणि बंद गाडीत त्याची वाफ धोक्याची.

पाण्याचा तिकडचा हिशेब माणशी दिवसाला १० लिटरचा आहे. तुम्ही तिघं असाल आणि डांबरावरच राहणार असाल तर ३० लिटर पुरे, तेवढं कायम गाडीत शिल्लक राहिलं पाहिजे. एका मोठ्या कॅनपेक्षा ५-५ लिटरचे सहा डबे बरे, एक फुटला तर सगळं जात नाही. पोर्ट ऑगस्टाच्या सुपरमार्केटात ते भरून घ्या. पुढच्या थांब्यांवर बहुतेक ठिकाणी बोअरचं खारं पाणी असतं, नळाचं पिण्याजोगं आहे का हे विचारूनच प्या.

कांगारू आडवे येतात म्हणतात. आणि तिकडचे ते तीन-चार डब्यांचे ट्रक? त्यांना ओव्हरटेक कसं करायचं?
*मांजलपूर, बडोदे*

कांगारू दिवसा झुडपाच्या सावलीत पडून असतात आणि तिन्हीसांजेला चरायला निघतात. पाऊस झाला की डांबरावरून वाहिलेल्या पाण्यामुळे नेमकं रस्त्याच्या कडेला गवत उगवतं, म्हणून ते तिथेच गोळा होतात. दिव्याच्या झोतात ते गोंधळतात आणि पळून जायचं सोडून गाडीपुढेच उडी घेतात. लाल कांगारूचा नर ८५ किलोपर्यंत भरतो. साडेचारला मुक्काम गाठायचा तो यासाठी.

तरीही एखादा समोर आलाच तर स्टिअरिंग सरळ धरून जोरात ब्रेक दाबा. वळवू नका. ११० च्या वेगात अचानक वळवलेली गाडी डांबर सोडून बाजूच्या मुरुमावर जाते, तिथे चाकाची पकड सुटते आणि ती उलटते. जीव जातो तो बहुधा अशा उलटण्यात, धडकेत त्यामानाने कमी. धडक बसली तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला घेऊन आधी रेडिएटर बघा. खाली हिरवट किंवा गुलाबी कूलंट टपकत असेल तर गाडी पुढे नेऊ नका, दहा-पंधरा किलोमीटरमध्ये इंजिन जळेल.

गुरांसाठीही सावध राहा, कारण तिथल्या हजारो एकरांच्या कुरणांना रस्त्याकडे बहुतेक कुंपण नसतं. मेलेल्या जनावरावर बसलेला मोठा गरुड दिसला तर वेग उतरवा. पोट भरलेल्या गरुडाला उडायला वेळ लागतो आणि तो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतो, कधी थेट तुमच्या काचेकडे. उंटांचे कळपही आहेत. लांब पायांमुळे धडकेत उंटाचं धड सरळ काचेतून आत येतं. हे उंट मूळचे आपल्याच बाजूचे: १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून जहाजाने नेले, मग पुढची पन्नास-साठ वर्षं येतच राहिले. बरोबर गेलेल्या उंटवाल्यांत बलुची, सिंधी, पंजाबी असे सगळे होते. तिकडे सगळ्यांनाच 'अफगाण' म्हणायचे, आणि ॲडलेड-डार्विन रेल्वेचं 'द घान' हे नाव त्यांच्यावरूनच आलं.

आता ट्रक. यांना रोड ट्रेन म्हणतात, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. ओव्हरटेकचं गणित करून दाखवतो, म्हणजे मोह आपोआप कमी होईल. ट्रक १०० ने चालला आहे, तुम्ही ११० ने, कारण दक्षिण ऑस्ट्रेलियात तेवढीच मर्यादा आहे. फरक ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. ट्रकची लांबी, मागचं-पुढचं सुरक्षित अंतर आणि तुमची गाडी मिळून १३० मीटर कापायचे. त्याला ४६ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १४०० मीटर पुढे जाता आणि समोरचा ११० ने आला तर तोही १४०० मीटर आत येतो. म्हणजे जवळजवळ ३ किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. नॉर्दर्न टेरिटरीत या हायवेची मर्यादा १३० आहे. तिथे १२५ ने गेलात तर काम १९ सेकंदांत होतं आणि सव्वा ते दीड किलोमीटर पुरतो. त्यामुळे दक्षिण ऑस्ट्रेलियात घाई करू नका. ओव्हरटेकसाठी केलेल्या जादा पट्ट्याची वाट बघा, नाहीतर थांबून चहा घ्या.

मागे राहायचं तर दूर राहा, ट्रकच्या आरशात तुम्ही दिसले पाहिजेत. समोरून रोड ट्रेन येताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा: आधी हवा गाडीला बाहेर ढकलते, ट्रक गेल्यावर आत ओढते. गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर ४० नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले बोलतात. पुढे मोकळं आहे का विचारलं तर सांगतात.

आम्हा चौघा मित्रांकडे फोर-व्हील असणार आहे. परतीला ऊडनाडाटा ट्रॅक करायचा विचार आहे. टायर आणि हवेबद्दल सांगा.
*अलकापुरी, बडोदे*

हा ट्रॅक म्हणजे स्टुअर्ट हायवेवरच्या मार्लापासून मारीपर्यंतचा रस्ता, ६२० किलोमीटर, सगळा कच्चा. पाण्याच्या मागाने आखलेला आहे: जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या झऱ्यांची ही रांग. आधी मूळच्या रहिवाशांची व्यापाराची वाट, मग त्याच झऱ्यांवरून उत्तरेला गेलेला शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट, मग १८७२ ची तारायंत्राची लाइन, मग वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून रेल्वे. रेल्वे १९८० मध्ये पश्चिमेला हलवली, पूल आणि पडकी स्टेशनं अजून उभी आहेत. कोरड्या हवेत रस्ता सोपा आहे. पावसात माती चिकट होते, चाकांना चिकटून मडगार्डपर्यंत भरते आणि रस्ता बंद केला जातो. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड आहे, आणि तुम्ही पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर पुढच्या महिनाभर दुसऱ्यांना छळतात. निघायच्या दिवशी सकाळी मार्लाच्या पंपावर रस्त्याची स्थिती विचारा. पेट्रोल-डिझेल मार्ला, ऊडनाडाटा, विल्यम क्रीक आणि मारी इथेच, प्रत्येक टप्पा २०० किलोमीटरच्या आसपास.

हवेचं असं आहे. डांबरावर टायर ३६ ते ४० पीएसआय असतील तर कच्च्यावर उतरताच २८ पर्यंत उतरवा. कडक टायर टोकदार दगडावर चिरतो, थोडा मऊ टायर दगडाभोवती वाकतो आणि कच्च्या रस्त्यावर पडलेल्या आडव्या वळ्यांचा खडखडाटही सोसवतो. पण मऊ टायर तापतो, म्हणून वेग ८० च्या आत ठेवलाच पाहिजे. मऊ रेतीत अडकलात तर १८ पर्यंत उतरवा आणि ४० च्या वर जाऊ नका, जोराने वळवू नका, टायर रिममधून निसटतो. डांबर लागलं की आधी थांबून हवा भरा. २८ वर डांबरावरून ११० ने गेलेला टायर अर्ध्या-पाऊण तासात बाजूने फाटतो, आणि लोक दोष दगडांना देतात. म्हणजे बॅटरीवर चालणारा कंप्रेसर आणि चांगला मीटर या दोन वस्तू हव्यातच. हवा नेहमी सकाळी, थंड टायरची मोजा.

स्टेपनी दोन घ्या. नक्षीच्या भागातलं छिद्र दोरीच्या प्लगने बुजतं, बाजूची चीर बुजत नाही. जॅकखाली ठेवायला ३० सेंटिमीटर चौरस, दोन सेंटिमीटर जाडीची प्लायची फळी घ्या, नाहीतर जॅकच जमिनीत जातो. चाक बदलल्यावर ५० किलोमीटरवर नट पुन्हा आवळा, वळ्यांवर ते हमखास ढिले होतात.

वाटेत काती थांडा, म्हणजे लेक आयर, दिसेल. कच्छच्या रणात गेलेल्यांना वेगळं सांगायला नको: वर मिठाची पांढरी पापडी, खाली चिखल. गाडी आत घालायची नाही. आणि याच्या जोडीला सिम्पसन वाळवंटही करू, असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. हजाराहून जास्त वाळूच्या टेकड्या, परवाने, गाडीवर उंच झेंडा, आणि १ डिसेंबर ते १५ मार्च बंद. त्यासाठी दुसरी तयारी लागते.

फोनला रेंज नसताना गाडी बंद पडली तर?
*निजामपुरा, बडोदे*

स्टुअर्ट हायवेवर घाबरायचं कारण नाही. गाडी डांबराबाहेर घ्या, बोनेट उघडा, कडेच्या सावलीत बसा. दिवसा कोणीतरी येतं आणि थांबतं, तिथे तशी रीत आहे. टेल्स्ट्राचं सिम घेतलंत तर गावांजवळ तरी रेंज मिळते. बाकी कंपन्यांचं जाळं या पट्ट्यात विरळ. तातडीचा नंबर ०००, मोबाइलवरून ११२ ही लागतो आणि तो दुसऱ्या कंपनीची रेंजही वापरतो, पण कोणाचीच रेंज नसेल तर तोही लागणार नाही.

कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर पीएलबी भाड्याने घ्या. हे मुठीत मावणारं यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकटाची खूण पाठवतं, ती कॅनबेराच्या बचाव केंद्रात पोचते. अँटेना उघडायची, मोकळ्या आकाशाखाली ठेवायचं, एकदा सुरू केलं की मदत येईपर्यंत बंद करायचं नाही. आयफोन १४ आणि पुढचे फोनही तिथे उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवू शकतात. निघण्याआधी मुलांना रस्ता आणि पोचायची वेळ लिहून द्या, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवा, हेही लिहा.

गाडी सोडून चालत निघू नका. विमानातून गाडी दिसते, झुडपांतला माणूस दिसत नाही. अशा अपघातांत पुन्हा पुन्हा हेच घडलं आहे, गाडी आधी सापडते. दिवसा गाडीत बसू नका, ती भट्टी होते. तिच्या सावलीत किंवा ताडपत्रीखाली बसा, अंगभर कपडे ठेवा, काम पहाटे किंवा रात्री करा. तहान लागली की पाणी प्या. घोट-घोट राखून ठेवल्याने घाम थांबत नाही, माणूस मात्र आधी कोसळतो. विमानाचा आवाज आला तर धुरासाठी जुना टायर जाळता येतो, पण आधी व्हॉल्व्ह काढून हवा सोडा, नाहीतर तो फुटतो. नेहमीची औषधं डिक्कीत न ठेवता पुढे जवळ ठेवा, इन्सुलिन तर नक्कीच.

उलुरूवर चढता येतं का?
*सयाजीगंज, बडोदे*

नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद आहे. ही जमीन अनंगू लोकांची, १९८५ मध्ये ती त्यांना परत मिळाली, आणि चढू नका हे ते फार आधीपासून सांगत होते. खडकाभोवतीची १०.६ किलोमीटरची सपाट वाट मात्र चुकवू नका, साडेतीन तास लागतात. सूर्योदयाला सुरू करा. काही जागी फोटो न काढण्याच्या पाट्या आहेत, त्या पाळा. जवळच्या काता जुटा या खडकांच्या समूहातली 'व्हॅली ऑफ द विंड्स' वाट ३६ अंशांचा अंदाज असेल त्या दिवशी अकरानंतर पुढे बंद करतात. जूनमध्ये तो प्रश्न येत नाही.

शाकाहारी माणसाची सोय काय? इथून काय न्यावं?
*वाडी, बडोदे*

रोडहाऊसवर शाकाहारी म्हणजे टोस्ट, तळलेले बटाटे आणि नशीब असेल तर चीज सँडविच. एक छोटा गॅसचा शेगडीसंच आणि कुकर घेतला तर खिचडी कुठेही होते. तांदूळ, डाळ, मसाला ॲडलेडच्या भारतीय दुकानांत मिळतात, इथून ओझं नेऊ नका. पेढे, बर्फी असं दुधाचं, ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, बियाणं विमानतळावर काढून घेतात. जे काही खायचं नेलं असेल, अगदी खाकरा-चिवडा असला तरी, उतरतानाच्या कार्डावर 'आहे' अशीच खूण करा. जाहीर केलेलं फार तर टाकून देतात, लपवलेल्याला दंड आहे. नॉर्दर्न टेरिटरीतून दक्षिण ऑस्ट्रेलियात परततानाही फळमाशीमुळे ताज्या फळांवर बंदी असते, तेव्हा सफरचंदं-संत्री सीमेच्या अलीकडेच संपवा.